तुळसाच्या मुलाचे सहा दिवस

अक्का वाचता वाचता अशा ठिकाणी थांबायची की आम्हा बायकांच्या हातातली लाटणीही तिथल्या तिथे थांबायची. पुस्तकात बोट घालून ती ते मांडीवर मिटायची, चष्मा कपाळावर चढवायची आणि विचारायची, "सांगा, आता ही बाई काय करील?" प्रत्येकीनं काहीतरी सांगायलाच हवं. "मला काय कळतंय त्यातलं" हे तिला चालत नसे. आणि कुणी "तिच्या नशिबात असेल ते होईल" म्हणालं, की अक्का पुस्तकातली भाषा सोडून थेट धुळ्याकडच्या बोलीवर उतरायची. "नशिबले कोन्ही इचारेल नही. बाई काय करी, ते सांग."

जळगावात रुळांपलीकडच्या वस्तीत एका दुमजली घराच्या खालच्या खोलीत आम्ही नऊजणी उडदाचे पापड लाटायचो. मी चोपड्याकडची, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा सातवीतून माझी शाळा सुटली, ती सुटलीच. आई गेल्यावर मावशीनं मला जळगावला आणलं आणि स्वतःच्या शेजारी पोळपाट मांडून बसवलं. घर ज्यांचं, पापडांचा धंदाही त्यांचाच. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. नानांचा एकच नियम होता, मोबाइल पिशवीत आणि पिशवी खुंटीला. तसाही तेलानं माखलेल्या हातांनी मोबाइल कोण धरणार? मग दिवसभर ऐकायचं काय, तर अक्काचं वाचन.

वाचणाऱ्या बाईला लाटता येत नाही. म्हणून आमच्यात एक रीत पडली होती. प्रत्येकीचे दहा पापड झाले की अकरावा अक्काच्या टोपलीत जायचा. ही रीत कुणी घातली ते माहीत नाही, मी आले तेव्हा ती होतीच. शोभा नावाची एक बाई होती, तिच्या तोंडाला कधी लगाम नसायचा. ती म्हणायची, "अक्का, आज तू दोनच पानं वाचली. पापड पण बारकाच मिळेल हं." अक्का मान वर न करता म्हणायची, "बारका चालेल. तुझ्या तोंडासारखा वाकडा नको."

अक्काचा नवरा धुळ्याला एका शाळेत शिपाई होता. शाळेनं काढून टाकलेली, पानं सुटलेली पुस्तकं तो घरी आणायचा. त्या पुस्तकांवर अक्का वाढली. "लोक लग्नात भांडी आणतात, मी लग्नानंतर अक्षरं आणली," असं ती म्हणायची. नवरा गेल्यावर मुलाला घेऊन ती जळगावला आली, पण पुस्तकांचं पोतं सोडलं नाही.

कादंबरी कशी वाचायची याचं तिचं एक शास्त्र होतं. "काय झालं ते कोणीही सांगेल," ती म्हणायची. "संकटाआधी माणूस कसा बसायचा, कसा हसायचा, कशाला भ्यायचा, ते ध्यानात ठेवा. संकट येऊन गेलं की परत त्याच्याकडे बघा. कुठे हललाय तो? कादंबरी तेवढ्यासाठी वाचायची." एकदा एका पुस्तकातली बाई विधवा झाली आणि आठ दिवसांत साऱ्या गावाची आई होऊन बसली. आमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण अक्कानं पुस्तक फटकन मिटलं. "ही बाई खोटी आहे. नवरा गेला आणि हिला एकदाही राग आला नाही? मला तर त्यांच्या चपलांचा राग यायचा. दारात तशाच पडून राहायच्या, शहाण्यासारख्या." तेव्हा आम्ही हसलो. आज ते आठवलं की हसू येत नाही.

तिचा मुलगा सिद्धार्थ ट्रकवर होता. रावेरकडून केळी भरायची आणि उत्तरेला न्यायची. परत आला की तो आईला घ्यायला यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "अक्का, मेली की वाचली तुझी बाई?" तोही तिला अक्काच म्हणायचा. संक्रांतीनंतर एका सकाळी, परराज्यात, उभ्या असलेल्या टँकरवर त्याची गाडी गेली. त्याला घरी आणायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांबद्दल मी लिहिणार नाही.

महिन्यानं अक्का कामाला आली. तिच्या नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून बसली. पुस्तक पिशवीतून काढलं नाही. पोळपाट मागून घेतला आणि लाटायला लागली, पण हाताला सवय नव्हती. पापड जाड व्हायचे, कडा फाटायच्या. अकरावा पापड मात्र तिच्या टोपलीत पडतच राहिला. दोन दिवस तिनं पाहिलं, तिसऱ्या दिवशी टोपली सरकवून दिली. "वाचत नाही, तर टाकता कशाला? भीक आहे का?"

"हाताला सवय लागलीय, अक्का," शोभा म्हणाली. "आता हाताला कोण सांगणार?"

मग अक्कानं गच्चीवरचं काम मागून घेतलं. लाटलेले पापड वर न्यायचे, जुन्या साड्यांवर पसरायचे, पालटायचे. हे काम आम्ही पाळीपाळीनं सकाळी उरकायचो, कारण आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी सोसलाय त्यांना ठाऊक आहे की एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवर चिमणीही उतरत नाही. अक्का बारा वाजता वर जायची आणि तिथेच थांबायची. अनवाणी. पाण्याच्या टाकीला टेकून, डोक्यावर पदर नाही, जवळ पाणी नाही. कुणी बोलवायला गेलं की म्हणायची, "पापड वाळतायत." पापड केव्हाच वाळून कडकडीत झालेले असायचे.

एके दिवशी ती तिथेच पडली. नानांनी आणि मावशीनं तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं. डॉक्टरांनी नानांना स्पष्ट सांगितलं, पुन्हा असं झालं तर बाई हाती लागणार नाही. परत आल्यावर मी तिचे पाय पुसत होते. तळव्यांना मोठाले फोड आले होते, एक फुटला होता. मी फडकं लावलं तरी ती हलली नाही.

"दुखत नाही का, अक्का?"

"काय?" तिनं विचारलं. मग पायाकडे बघितलं, दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तसं. "ऊनच लागत नाही गं मला आता."

मी मुळातच घाबरट. आई आजारी होती तेव्हा मी रोज शाळेतून धावत घरी यायचे, आणि दारात पोचल्यावर आत जायची हिंमत व्हायची नाही. तसंच पुन्हा झालं. जिन्यावर पावलं वाजली की माझं लाटणं थांबायचं. अक्काला मरायचं होतं असं मी म्हणणार नाही. पण जगायचंय असंही तिच्याकडे बघून वाटत नव्हतं. नानांनी गच्चीला कुलूप लावून पाहिलं, पण पापडांचा धंदा, कुलूप किती दिवस ठेवणार?

मावशीनं उपाय काढला. "तिला ऐकायची सवय लावू. दुपारी वाचन ठेवलं तर खाली तरी बसेल."

"वाचणार कोण?" शोभानं विचारलं, आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. सातवीपर्यंत गेलेली त्यांच्यात मीच.

अक्काच्या पिशवीत जानेवारीपासून पडून असलेलं पुस्तक मी काढलं. त्याला पुढचं आवरण नव्हतं, मागचीही काही पानं गेलेली. नदीकाठच्या गावातली तुळसा नावाची बाई, तिची गोष्ट. तुळसा पाण्याला फार भ्यायची. घागर भरायला गेली तरी घोट्याच्या वर पाणी येऊ द्यायची नाही. तिला एक मुलगा, पाचव्या वर्षाला टेकलेला. इतकं अक्कानंच आम्हाला पूर्वी वाचून दाखवलं होतं. पुढचं मी वाचायला लागले. जोडाक्षर आलं की मी ठेचकाळायचे, ओळ चुकायचे, घामाघूम व्हायचे. अक्का भिंतीकडे तोंड करून बसली होती. दहा मिनिटांनी भिंतीकडूनच आवाज आला, "कृतज्ञता. श्वास घे आणि सरळ म्हण." मी श्वास घेतला आणि सरळ म्हटलं. त्या दुपारी अक्का वर गेली नाही. तीन वाजून गेले, ऊन कललं, तेव्हा कुठे मी पुस्तक मिटलं. नंतर मी मुद्दाम हळू वाचायला शिकले.

रोज संध्याकाळी पुस्तक घरी नेऊन मी दुसऱ्या दिवशीची पानं घोकून ठेवायचे, म्हणजे अडखळायला नको. तसं घोकतानाच मला कळलं. पूर येतो, गाव नावेतून पलीकडे जायला निघतं, नाव कलंडते. तुळसा वाचते. मुलगा वाचत नाही.

सकाळी नळावर हात धुताना मी सगळ्यांना सांगितलं. शोभाचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा बघितला. "त्या लेकराला मारू नकोस बाई," ती म्हणाली. मावशी म्हणाली, "पुस्तकात काय लिहिलंय ते इथे तुझ्याशिवाय कुणाला दिसतंय?" आम्हा सगळ्यांची पक्की समजूत होती की हे पुस्तक अक्काही आमच्याबरोबर पहिल्यांदाच वाचत होती. थांबून थांबून विचारायची ना ती, आता काय होईल म्हणून.

तर मी त्या मुलाला वाचवलं. एका नावाड्यानं त्याच्या सदऱ्याला धरून त्याला वर ओढला, असं मी छापील अक्षरांवर बोट फिरवत वाचून दाखवलं. आवाज कापत होता, पण तो माझा नेहमीच कापायचा.

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी झाली. पुस्तकातली तुळसा आता कुणाशी बोलत नव्हती, चूल पेटवत नव्हती, आणि इकडे तिचा मुलगा जिवंत. जिवंत मुलाची आई अशी का वागेल? मग मला पुढचंही रचावं लागलं. मी तुळसाला चूल पेटवायला लावली. मुलाला ताप आणला, तो उतरवला. नळावर बायका मला सूचना द्यायच्या. "त्याला शाळेत घाल." "त्याला एखादं शेळीचं पिल्लू दे, खेळायला." शोभा म्हणाली, "सदरा नवीन घे त्याला, जुना त्या नावाड्यानं फाडला असेल." सहा दिवस आम्ही ते पोर सांभाळलं. सहा दिवस अक्का दुपारी खाली होती. कधी कधी तर तिनं ताटातली भाकरी पूर्ण खाल्ली. मला वाटलं, जमतंय.

सातव्या दिवशी मी पुस्तक उघडलं आणि अक्का भिंतीकडून वळली. महिन्या-दोन महिन्यांत तिनं पहिल्यांदाच आमच्याकडे तोंड केलं.

"किती वर्षांचा झाला गं तुळसाचा पोऱ्या?" तिनं विचारलं.

"सात," मी म्हणाले. शाळेत घातला होता ना, म्हणून सात.

"पुस्तकात तो पाच वर्षांचाही झाला नाही."

खोलीत कुणाचं लाटणं वाजेना. शोभानं तोंडाला पदर लावला. माझ्या हातातलं पुस्तक मलाच चोरीच्या मालासारखं वाटायला लागलं.

"तू वाचलंय हे?" मावशीनं कसंबसं विचारलं.

"तीनदा. तुम्हाला विचारण्यात मजा यायची, म्हणून बोलले नाही."

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं, अक्का?" मी म्हणाले. मला रडू यायला लागलं होतं.

"सहा दिवस बरं वाटलं गं," ती म्हणाली. "शेळीचं पिल्लू तर फारच छान." मग चष्मा पुसून तिनं माझ्याकडे बघितलं. "आता वाच. जसं शे तसं वाच. आणि तुम्ही बठ्ठ्या जणी लाटत राहा, पीठ सुकतंय."

मी ती पानं वाचली. कशी वाचली ते मला आठवत नाही. एवढं आठवतं, की मी एकदाही अडखळले नाही, आणि पान संपल्यावर वर बघितलं तेव्हा अक्काचे ओठ हलत होते. तिला ती पानं पाठ होती. रडली नाही. तिच्या टोपलीत त्या दिवशी कुणीही मोजून पापड टाकले नाहीत, हाताला आला तो टाकला.

वाचन संपलं की अक्का आता पुन्हा गच्चीवर जाऊन बसायची. पुढे पुस्तकात अशी गोष्ट होती की पुरानंतर तुळसाला पाण्याची भीती उरली नाही. कमरेएवढ्या पाण्यात ती सरळ चालत जायची. गाव म्हणायचं, बघा, केवढी धीट झाली. हे वाचून झाल्यावर मावशीनं जुन्या सवयीनं म्हटलं, "दुःखानं माणूस घट्ट होतो म्हणायचं."

"नाही," अक्का म्हणाली. किती दिवसांनी ती अशी बोलली! "ती धीट नही व्हयनी. तिला काही वाटेनासं झालंय. दोन्हीमा फरक शे."

मी घाबरट, मोठ्या माणसांपुढे कधी तोंड उघडलं नव्हतं. पण त्या वेळी कुणीतरी आतून ढकलल्यासारखं तोंडातून निघालं, "मग तू गच्चीवर काय करतेस, अक्का?"

मावशीनं माझ्या मांडीला चिमटा काढला. अक्का नुसतं "हं" म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती वर जाताना चपला घालायला लागली. पाण्याची बाटलीही न्यायची. आम्हाला आनंद झाला. पण खाली आलेली बाटली मी रोज उचलून बघायचे, ती भरलेलीच असायची. म्हणजे आमचं मन राखायला हे सगळं चाललं होतं. तुळसाचं शेवटी काय झालं, तेही कळायला मार्ग नव्हता. शेवटची पानं नव्हतीच. "पोत्यात आलं तेव्हापासून असंच आहे," अक्का म्हणाली. "मलाही ठाऊक नाही."

पावसाळा सरला, आणि नानांच्या ओळखीतून बंगळूरचं काम आलं. तिथे एका मराठी घरात एक म्हाताऱ्या बाई होत्या, नजर गेलेली. त्यांचं सगळं करायचं आणि त्यांना वाचून दाखवायचं. नानांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. भुसावळच्या पुढे कधी गेले नव्हते. खरं कारण वेगळं होतं, ते अक्कानं ओळखलं. "माझ्या बाटल्या मोजायला थांबू नको," ती म्हणाली. "जा. मावशी आहे, शोभा आहे. शोभाच्या तोंडापुढे मी मरू शकते का?" तरी मी दोन आठवडे टाळाटाळ केली. शेवटी तिनंच माझी पिशवी भरली.

आज मला इथे चौथं वर्ष आहे. दुपारी आजींना वाचून दाखवते, त्यांना झोप लागली तरी परिच्छेद पूर्ण करते. इथली भाषा अजून नीट येत नाही, रस्ते चुकते, कामानं पाठ दुखते, जीव कंटाळून जातो. पण जोडाक्षर आलं की मी श्वास घेते आणि सरळ म्हणते. सातवीतून शाळा सुटलेल्या मुलीला कुणी पुस्तक हातात देऊन, चुकलं तरी ऐकून घेतं, हे किती मोठं आहे ते मला इथे एकटीला राहून कळलं. अक्काजवळ हे कधी बोलले नाही. फोनवर ती शोभाच्या तक्रारीच सांगत असते.

मी जळगाव सोडलं त्या दिवशी गाडी भुसावळहून होती. अक्का सोडायला आली, मावशीला ताप होता. सकाळपासून माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता. अक्कानं दिलेला डबा मांडीवर तसाच होता, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. ती खिडकीबाहेर उभी होती. चेहरा तसाच, शांत, रिकामा. उन्हात उभी होती आणि सावलीत सरकायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. मी म्हणाले, "अक्का, सावलीत हो ना." ती "हो" म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. मला वाटलं, उतरावं. पिशवी घ्यावी आणि उतरावं.

तेवढ्यात गाडी हलली. अक्का खिडकीची सळई धरून गाडीबरोबर चालायला लागली. "पोचली की फोन कर. कुणी दिलेलं खाऊ नको." गाडीनं वेग घेतला तरी ती सळई सोडेना, फलाटाच्या कडेकडेनं चालतच होती. मी ओरडत होते, "सोड, अक्का, सोड!" मग तिची नजर खाली गेली. फलाट आणि डबा यांच्यामधल्या फटीत चाकं फिरताना तिला दिसली, आणि तिनं चटका बसल्यासारखा हात काढला, दोन पावलं मागे उडी मारली, छातीवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, "माय वं!"

फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. ती छातीवर हात ठेवून धापा टाकत उभी होती, डोळे मोठे झालेले, चेहरा भीतीनं पांढराफटक. वळण येईपर्यंत मी तिला बघत राहिले. मग जागेवर बसले, डबा उघडला आणि जेवायला लागले.